इंडोनेशियन जेवण म्हणजे "आपल्याच जेवणाची बिघडलेली कॉपी"??

हेगचा_कावळा (धागाकर्ता)
परवा 'निर्वासित पुणेकर' यांनी लिहिलं की हेगमधल्या एका घरगुती इंडोनेशियन हॉटेलात गेलो, उकडलेल्या भाजीवर दाण्याची चटणी ओतून १६ युरो घेतले, भात कोमट, सगळं गोडूस, एकूण काय तर आपल्याच जेवणाची बिघडलेली कॉपी. तिथेच उत्तर द्यायला बसलो पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी त्या हॉटेलात सात वर्षं जातोय. आठ टेबलं. नवरा आत रांधतो, बायको काउंटरवर, मुलगा कॉलेजातून आला की ताटं उचलतो आणि कोपऱ्यात आजी फरसबी मोडत बसलेली असते. भात कोमट होता हे मान्य, भात गरमच हवा. पण बाकीच्या वाट्या कोमट असतात कारण सुमात्रा बेटावरच्या पदांगकडची पद्धतच ती आहे, सकाळी रांधून काचेच्या कपाटात मांडून ठेवायचं आणि गरम भातावर वाढायचं. त्याला शिळं म्हणत नाहीत.

आणि साहेबांनी मागवलं काय, तर गाडो-गाडो! ती भाजी नाहीच मुळी, आपल्या कोशिंबिरीच्या जातीचा प्रकार आहे. उद्या कोणी आपल्याकडे येऊन नुसती काकडीची कोशिंबीर खाल्ली आणि मराठी जेवण पाणचट असतं म्हणून सांगत सुटला तर चालेल का? रेंदांग खा की एकदा. नारळाच्या दुधात मांस तीन-चार तास आटवतात, दूध संपतं, तेल सुटतं आणि मग त्याच तेलात ते मांस काळपट होईपर्यंत परतलं जातं. गवती चहा आपण चहात टाकतो, हे लोक तो ठेचून वाटणात घालतात. लेंगकुआस नावाचं आल्यासारखं मूळ असतं ते तर आपल्या स्वयंपाकघरात नसतंच. कॉपी कुठून आली मग?

निर्वासित_पुणेकर
वा! माझ्यावर अख्खा धागा, धन्य झालो. सात वर्षं जाताय म्हणजे तुम्ही त्यांचे पाहुणे झालात, आम्ही गिऱ्हाईक. पाहुण्याला भात गरमच मिळत असणार.

आणि रेंदांग खा म्हणे. मी शाकाहारी आहे हे त्याच पोस्टमध्ये दुसऱ्या ओळीत लिहिलंय. न वाचताच सातशे शब्दांची जिलबी पाडायची हौस असेल तर चालू द्या.

खादाडखाऊ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पॉपकॉर्न शाकाहारी आहे, चेक केलंय.

जकार्तावासी
दोघंही चुकताय. नेदरलँड्समध्ये मिळतं ते इंडोनेशियन नाहीच, ते 'इंडिश'. १९४९ मध्ये इथली डच राजवट संपल्यावर इकडून डच आणि मिश्र कुटुंबं बोटी भरभरून तिकडे गेली, त्यांनी सोबत नेलेली ही चव आहे आणि ती तिथेच थांबलीय. वीस वाट्यांचा तो रैस्टाफल तर जकार्तात कोणी घरी करत नाही, मळेवाल्या गोऱ्या साहेबांचा थाट तो, एकेक वाटी धरून नोकरांची रांग उभी. इथे गाडीवरची बाई तुमच्यासमोर दगडी पाट्यावर दाणे, मिरची आणि ताडाचा गूळ रगडते आणि भाज्या त्यातच कालवते. तुमच्याकडे बरणीतून ओततात. गोडूस लागणारच. जावाचं गोडसरच असतं, तिखट हवं तर पदांगचं खा.

हेगचा_कावळा
@जकार्तावासी, बरणीतून?? आजी स्वतः दाणे भाजते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

निर्वासित_पुणेकर
आता खरं सांगू का मला राग कशाचा आला? काउंटरवरच्या बाईंना तीन वेळा विचारलं, व्हेजिटेरियन ना? हो म्हणाल्या. अर्धं ताट संपल्यावर मुलगा सहज बोलून गेला की सॉसमध्ये तेरासी असते. म्हणजे कोळंबी आंबवून केलेला लगदा! आणि वरचा पापड, क्रुपुक, तोही कोळंबीचा! माझ्या आईला मी तो पापड आग्रहाने खायला घातला हो. ७१ वर्षांची बाई, जन्मात अंडं खाल्लं नाही. त्या रात्री ती जेवलीच नाही. तुम्हाला कोशिंबिरीचे विनोद सुचतायत.

वेंगुर्ल्याची_माया
काकूंसाठी खरंच वाईट वाटलं. पण 'आपल्या जेवणाची कॉपी' म्हणालात त्यातलं 'आपलं' म्हणजे नक्की कोणाचं? माझ्या आजीच्या घरी पावसाळ्यात जवळा नसेल तर जेवण व्हायचं नाही. तेरासीचा डबा उघडला तेव्हा मला आजीच्या माळ्यावरचा वास आला, सुकटीचा, अगदी तोच. मी एमस्टरडॅमच्या टोकोत, म्हणजे आशियाई वाणसामानाच्या दुकानात, उभी राहून रडले. शेजारच्या गोव्यातलं बलचावसुद्धा मलायांच्या 'बलाचान'वरून आलं म्हणतात, म्हणजे याच तेरासीचा भाऊ. त्यामुळे तुम्हाला जे शी वाटलं ते आमचं आपलं जेवण आहे. वरणभात-तूप म्हणजेच महाराष्ट्र हे आता पुरे झालं.

निर्वासित_पुणेकर
आलं का जातीवर. वाटच बघत होतो. मी 'शी' हा शब्द वापरलेला दाखवा, हा धागा सोडून जातो. मी फसवणुकीबद्दल बोलतोय, तुम्ही मला अस्मिता शिकवताय.

वेंगुर्ल्याची_माया
जात तुम्ही काढलीत, मी जवळा काढला.

खादाडखाऊ
माया ताई _/\_

मसाल्याचा_व्यापारी
रच्याकने, जायफळाचं कोणीच बोललं नाही. तुमच्या श्रीखंडातलं जायफळ मुळात इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. त्यासाठी १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर-जनरल कूनने तिथली माणसं मारली, उरलेली गुलाम केली. नेदरलँड्समधल्या होर्न गावच्या चौकात अजून त्याचा पुतळा उभा आहे. आणि शेंगदाणा, मिरची, बटाटा हे अमेरिका खंडांकडचे, म्हणजे 'आमची दाण्याची चटणी कॉपी केली' हा दावा तर

हेगचा_कावळा
दादा, जेवणाच्या धाग्यावर कत्तल कशाला? मूळ मुद्द्यावर या.

मसाल्याचा_व्यापारी
हाच मूळ मुद्दा आहे. वाक्य अर्धवट पोस्ट झालं, पण आता लिहायचा मूड गेला.

जकार्तावासी
पुणेकर, फसवणूक नव्हे हो ती. इथे 'व्हेजिटेरियन' म्हणजे ताटात मांसाचा तुकडा दिसत नाही एवढाच अर्थ बऱ्याच जणांना कळतो. तेरासी त्यांच्या लेखी मीठ-मसाला आहे. आपण हिंगाला 'पदार्थ' म्हणतो का? मी पहिल्या महिन्यात 'सायुर', म्हणजे भाजी, असं वाचून आनंदाने मागवलं, त्यात सोडे निघाले. आता 'तान्पा तेरासी, तान्पा एबी' हे मंत्रासारखं म्हणतो. तेरासीविना, सोड्यांविना. बायको म्हणते तू झोपेत पण बडबडतोस.

निर्वासित_पुणेकर
म्हणजे गिऱ्हाइकाने भाषा शिकून यायचं. उत्तम. पुण्यातल्या दुकानदारांना उगाच नावं ठेवतात लोक.

सूरिनामी_शेजार
आमच्या गल्लीतल्या सूरिनामी हॉटेलात (सूरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली पूर्वीची डच वसाहत) रोटी आणि नासी, म्हणजे भात, एकाच पाटीवर लिहिलंय. १८७३ पासून भोजपुरी लोक तिकडे मजूर म्हणून नेले, १८९० पासून जावाचे. तिथे विचारलं की भाजी कशात केलीय ते नीट सांगतात, कारण निम्मे गिऱ्हाईक हिंदुस्तानीच. काकूंना तिकडे न्या. भांडण चालू द्या, मी फक्त सांगितलं.

हेगचा_कावळा
काल गेलो होतो. बाईंना सगळं सांगितलं. त्यांना आठवत होतं, "ती निळ्या साडीतली आजी?" म्हणाल्या. वाईट वाटलं त्यांना. मुलाने मेनूवर तेरासी असलेल्या पदार्थांपुढे पेनने कोळंबी काढलीय, ती विंचवासारखी दिसते, पण काढलीय. एकूण किती पदार्थांपुढे निघाली हे बघून मीही गप्प झालो. पुणेकर, तुम्ही न विचारता खाल्लं असं मी मनात धरलं होतं, तेवढं मागे घेतो. कोशिंबिरीचा मुद्दा मागे घेत नाही.

निर्वासित_पुणेकर
साडी निळीच होती.

बरं, विंचू नसलेलं काय काय आहे तिथे?

हेगचा_कावळा
तळलेलं गोड तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), मक्याची भजी, हळदीचा पिवळा भात, आचार. ते आपलंच नाव, गाजर-काकडीचं. आता याला कॉपी म्हणा हवं तर.

वेंगुर्ल्याची_माया
आणि विंचू असलेलं सगळं माझ्यासाठी पार्सल आणा.