शब्दचर्चा: कट, कारस्थान, षड्यंत्र आणि साठीतला मारामारीवाला

सबटायटलवाली:
कामाचा प्रश्न आहे, म्हणून सरळ विचारते. अंधेरीच्या एका स्टुडिओसाठी मी इंग्रजी सिनेमांची मराठी सबटायटलं आणि दोन ओळींची ओळख लिहिते. या खेपेचा सिनेमा माहितीतल्या साच्यातला आहे. गुप्तहेर खात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ, वय साठीपुढे, मुलीशी अबोला. जुना सहकारी त्याच्या दारात येऊन मरतो, मरता मरता एक पेनड्राइव्ह हातात कोंबतो, आणि मग कळतं की सगळ्याच्या मागे खात्याचा प्रमुखच आहे. माझ्याकडे आलेला मसुदा असा: "वृद्ध होत जाणाऱ्या कृती-ताऱ्याचा षड्यंत्र थरारपट." घशात अडकतो. षड्यंत्र, कट, कारस्थान यांतलं तुम्ही कुठे काय वापरता? आणि त्या नटाला काय म्हणायचं? ज्येष्ठ?

पिटक्लास:
"कृती-तारा" हा खगोलशास्त्राचा विषय वाटतो. व्हीटीसमोर न्यू एम्पायरला असले सिनेमे लागायचे तेव्हा आम्ही फक्त "फायटिंगचा पिक्चर" म्हणायचो आणि सगळ्यांना कळायचं.

कोर्टकचेरी:
कायद्यापुरतं सांगतो. कोर्टात शब्द एकच, कट. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १२०-ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६१. दोन किंवा अधिक माणसांचं संगनमत लागतं, एकट्याचा कट होत नाही. एकटा माणूस मनातल्या मनात कितीही योजना आखो, तो कट नव्हे. त्यामुळे तुमच्या सिनेमात प्रमुख साहेब एकटेच सूत्रं हलवत असतील तर मी कट म्हणणार नाही, पण अशा सिनेमात साहेब कधीच एकटे नसतात. वर एक मंत्री असतो, बाजूला एक कंत्राटदार.

लालबागची सून:
कारस्थानाला मात्र माणसं मोजायची गरज नाही. मालिकेतली सासू एकटी पुरते. म्हणून तर "कारस्थानी" हे विशेषण आहे आणि कटाला तसं विशेषण नाही. "कटी बाई" म्हणून बघा.

शिवाय कट शिजतो. आमच्याकडे होळीला दोन्ही कट शिजतात, एक पुरणाची डाळ उपसून काढलेल्या पाण्याचा आणि दुसरा माजघरात.

सबटायटलवाली:
हे क्रियापद मला हवंच होतं! "खात्यात काहीतरी शिजतंय" म्हटलं की नामाची गरजच उरत नाही.

जुनी पानं:
ताई, नामाची गरज उरते, कारण तिघांची कुळं वेगळी आहेत. कारस्थान दरबारी आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर राघोबादादांना गादीपासून दूर ठेवायला नाना फडणीस, सखारामबापू बोकील वगैरे मंडळी एकत्र आली, त्याला इतिहासात "बारभाईंचं कारस्थान" म्हणतात. ही मंडळी लोकांच्या लेखी खलनायक नाहीत. म्हणजे त्या काळच्या कारस्थानात शहाणपण, मसलत, राजकारण हा अर्थही होता. आज तो झिजला आणि फक्त कपट उरलं.

कटाचं उलट झालं. हा पोलिसांनी लावायचा शब्द, आणि इंग्रज सरकारने तो इतका लावला की त्याला मान आला. लाहोर कट, काकोरी कट. १९२९च्या मार्चमध्ये मुंबईतून डांगे, मिरजकर, जोगळेकर, घाटे या कामगार पुढाऱ्यांना पकडून मीरतच्या कटाच्या खटल्यात उभं केलं, तेव्हा गिरणगावात या माणसांकडे कोणी गुन्हेगार म्हणून बघत नव्हतं. "कटवाले" आणि "कारस्थानी" यांत जो फरक ऐकू येतो तो इथून आलाय. पहिला पकडला गेलेला असतो, दुसरा खुर्चीवर असतो.

तुमच्या सिनेमातला प्रमुख खुर्चीवर आहे. त्याचं कारस्थानच.

कोर्टकचेरी:
सुंदर. पण त्याच सिनेमात म्हाताऱ्यावर जो आळ येतो, टीव्हीवर त्याचा फोटो झळकतो, त्याला साहेब काय म्हणणार? "देशाविरुद्ध कट केल्याचा आरोप." म्हणजे एकाच गोष्टीत दोन्ही शब्द लागतील, कोण बोलतंय त्यावर.

सबटायटलवाली:
हे लिहून ठेवते. आणि षड्यंत्र?

जुनी पानं:
षट् अधिक यंत्र. त्याची जोड जारण-मारण, उच्चाटन, वशीकरण अशा सहा तांत्रिक कर्मांशी लावतात. माझ्या कानाला मात्र आज तो भाषणातला शब्द आहे. हिंदी वाहिन्यांनी रात्री नऊच्या चर्चेत तो इतका घोटला की घरात कोणी "माझ्याविरुद्ध षड्यंत्र आहे" म्हणालं तर आपण हसू लागतो. पात्र भाषणबाज मंत्री असेल तर जरूर द्या. नायकाच्या तोंडी नको.

माइकसमोर:
मी डबिंगमध्ये आहे, एक अडचण तुमच्या लक्षात आली नसेल. "कॉन्स्पिरसी" या इंग्रजी शब्दात मध्येच "प" आहे. नटाचा चेहरा पडदाभर असताना तिथे ओठ मिटतात, आणि आपण ऐकवतो "कारस्थान", ज्यात ओठ मिटायला एकही अक्षर नाही. षड्यंत्रातही नाही. कटातही नाही. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी चुकतंय हे कळतं. सबटायटलला हे बंधन नाही, तुमचं बरंय. आम्ही अशा वेळी "बनाव" घालतो. "हा सगळा बनाव आहे." म्हातारा दात-ओठ खाऊन म्हणतो तेव्हा छान बसतं.

लालबागची सून:
बनाव वेगळा हो! बनाव म्हणजे खोटा देखावा उभा करणं. "आत्महत्येचा बनाव", "दरोड्याचा बनाव". कटाचा तो एक भाग झाला.

माइकसमोर:
मान्य. पण त्या सीनमध्ये बहुतेक वेळा तेच सांगायचं असतं, की पुरावे पेरलेत.

पिटक्लास:
प्रमुखासाठी "झारीतला शुक्राचार्य" चालेल का?

जुनी पानं:
नाही चालणार, काका. शुक्राचार्य झारीत शिरला तो बळीला वाचवायला, यजमानाशी इमान राखून. त्यात त्याचा डोळा गेला. आपण तो वाक्प्रचार आत बसून काम अडवणाऱ्याला लावतो, मंत्रालयातली फाइल हलत नाही तेव्हा. इथे साहेब काही अडवत नाहीयेत, ते खातायत. इथे कुंपणच शेत खातंय.

सबटायटलवाली:
"कुंपणच शेत खातं तेव्हा..." हे तर पोस्टरवरच गेलं पाहिजे! आता नटाकडे या. आणि त्या मेलेल्या सहकाऱ्याला काय म्हणू? तो आतली कागदपत्रं बाहेर आणणारा.

कोर्टकचेरी:
जागल्या. वर्तमानपत्रांनी हा शब्द चांगला रुळवलाय. गावाची रात्रीची राखण करणारा तो जागल्या, आता खात्यातला घोटाळा उघड करणाराही जागल्या. खबरी म्हणू नका, खबरी पोलिसांचा असतो आणि पैसे घेतो. फितूर तर मुळीच नको, तो साहेबांचा शब्द आहे.

माइकसमोर:
नटाबद्दल. इंग्रजीत या प्रकाराला थट्टेने "जेरिॲक्शन" म्हणतात, म्हातारपण आणि मारामारी यांचा सांधा. लियाम नीसनचा जन्म १९५२चा, आणि २००८मध्ये 'टेकन' आला तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. त्याआधी तो गंभीर भूमिकांचा नट म्हणून ओळखला जायचा. तिथून ही लाट जोरात आली. मराठीत "निवृत्तिपट" म्हणावं का?

लालबागची सून:
पेन्शनपट! निवृत्तीवरून आळंदी-त्र्यंबकेश्वर आठवतं.

पिटक्लास:
पेन्शनपट झकास. मी स्वतः पेन्शनर आहे, बँकेच्या रांगेत माझी रोज हीच फायटिंग चालते.

जुनी पानं:
"ज्येष्ठ" मात्र टाळा. "ज्येष्ठ अभिनेते" हे शब्द पेपरात दिसले की हात आधी छातीकडे जातो. "चिरतरुण" हे जाहिरातवाल्यांचं खोटं. "वयस्कर" ठीक, पण त्यात धाक नाही. आणि कृपा करून कोणी "वयात आलेला नट" लिहू नका, मी एका ओळखपत्रकात खरंच वाचलंय. तो मिसरूड फुटलेला पोरगा झाला!

मला विचाराल तर विशेषणच नको. मराठीत वय क्रियापदातून छान दिसतं. "गुडघे कुरकुरतात, पण नेम चुकत नाही." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण तर याच नटांसाठी केल्यासारखी आहे.

माइकसमोर:
"मुरलेला" कसा वाटतो? "मुरलेला हेर". त्यात वयही आलं, कसबही आलं, आणि आजोबा म्हटल्याचं पाप नाही.

सबटायटलवाली:
मुरलेला घेतला. पात्रासाठी. नटासाठी "मारधाडपटांचा जुना गडी".

लालबागची सून:
गडी आणि आजोबा, सगळे बाप्येच का? आमच्या परळमध्ये वाडिया मुव्हीटोनचा स्टुडिओ होता, ती जागा पुढे शांतारामबापूंच्या राजकमलची झाली. तिथली नादिया, १९३५ची 'हंटरवाली', स्वतःचे स्टंट स्वतः करायची. तिचा जन्म १९०८चा, आणि १९६८मध्ये 'खिलाडी' नावाच्या हेरपटात ती पुन्हा पडद्यावर आली. म्हणजे साठीची बाई, हेरगिरी, मारामारी, हे मुंबईने हॉलिवूडच्या या लाटेच्या चाळीस वर्षं आधी करून झालंय. त्या वेळी या सिनेमांना मराठीत "स्टंटपट" म्हणायचे. तो शब्द का टाकला आपण?

पिटक्लास:
सूनबाई, टाळ्या.

जुनी पानं:
स्टंटपटात भर शारीरिक कसरतीवर होता, आगगाडीच्या टपावरून धावण्यावर. आजच्या सिनेमात कसरत डुप्लिकेट करतो आणि नट वळून बघतो. तरी शब्द चांगला आहे. "मारधाड" हिंदी पोस्टरवरून उतरलाय, "मारधाड से भरपूर". मराठीत "हाणामारी" आहे, पण तिला नळावरच्या भांडणाचा वास येतो.

सबटायटलवाली:
शेवटचं एक. जागल्याचा मृत्यू पोलीस गाडीचा अपघात म्हणून नोंदवतात. टीव्हीवरच्या निवेदिकेच्या तोंडी इंग्रजीत पाच-सहा शब्दांचा गोल प्रश्न आहे, की हा मृत्यू दिसतो तसा आहे का.

कोर्टकचेरी:
अहो, हे तर तयार आहे. "अपघात की घातपात?" मराठी पेपरांनी हा मथळा इतका वापरलाय की डोळे मिटून लिहिता येईल.

लालबागची सून:
आणि यात प आहे! दोन्हीकडे!

माइकसमोर:
निवेदिका क्लोजअपमध्ये असेल तर मी तुमचं नाव काढीन. फक्त घातपाताला दोन अर्थ आहेत हे बघा. एक घात करून मारणं, दुसरा रूळ उखडणं, पूल उडवणं, "घातपाती कारवाया"वाला. पुढे त्याच सिनेमात धरण उडवायचा प्रसंग असेल, आणि असतोच, तर तिथे हा शब्द राखून ठेवावा लागेल.

सबटायटलवाली:
धरण नाही, विजेचं केंद्र आहे. तिथे "घातपात", आणि निवेदिकेला "अपघात की खून?"

कोर्टकचेरी:
खून नको, खून म्हटलं की तिने निकालच दिला. "घातपात" दोन्हीकडे ठेवा. पेपरवालेही ठेवतात, आणि आजवर कोणी रेल्वेचे रूळ आणि रस्त्यावरचा माणूस यांत गोंधळ केलेला मी बघितला नाही.