बदकाचा प्रतिध्वनी तपासायला शास्त्रज्ञ कशाला हवेत?

मुठाकाठ
बदकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही, असा एक समज इंग्रजी मुलखात फार पसरलेला. २००३ मध्ये सॅलफर्ड विद्यापीठातले ध्वनिशास्त्रज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी डेझी नावाच्या बदकाला आधी आवाज शोषून घेणाऱ्या खोलीत ठेवलं, मग आवाज घुमणाऱ्या खोलीत. प्रतिध्वनी आला! बदकाचा आवाज एकदम थांबत नाही, विरत जातो, त्यामुळे प्रतिध्वनी त्यातच मिसळतो आणि कानाला वेगळा कळत नाही. म्हणजे समज खोटा ठरलाच, पण लोकांना तसं का वाटत होतं तेही कळलं. आपल्याकडच्या समजांवरही असे प्रयोग व्हायलाच हवेत. तुम्हाला काय वाटतं?

सिंहगडरोडकर
माझा विरोध. भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं दगावतात, असा अंदाज आहे. तिथे प्रतिविष वेळेत पोचायला हवं. नाग दूध पितो की नाही, याने कुणाचा जीव वाचणार?

वैदेही_कोथरूड
दादा, साप चावल्यावर पेशंटला आधी मांत्रिकाकडे नेतात ते कशापायी? समजापायीच ना? तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविष असूनही मग उशीर होतो.

मुठाकाठ
अगदी हेच. आणि दुधाचं म्हणाल तर नागपंचमीच्या आधी गारुडी नागाला तहानलेला ठेवतात. मग समोर येईल ते तो पितो, दूधसुद्धा, आणि ते त्याला पचत नाही. 'आम्ही डोळ्यांनी पाहिलंय' म्हणणारे खोटं बोलत नसतात. त्यांना 'अंधश्रद्धाळू' म्हणून गप्प करण्यापेक्षा ती तहान समजावून सांगा.

सिंहगडरोडकर
मांत्रिकाचं पटलं. पण प्रयोग दाखवला की समज जातो, हे कशावरून? १९८० साली याच पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. आज पार्किंगमध्ये साधी बिनविषारी धामण निघाली तरी लोक आधी काठीच शोधतात.

वैदेही_कोथरूड
सगळेच नाही हो. सर्पमित्राला फोन करून तो येईपर्यंत लांब उभे राहणारेही खूप आहेत. त्यांना हे कुणीतरी दाखवलं, सांगितलं, म्हणूनच ना?

डेक्कनचा_अभय
मांडुळाचं कुणी बोललंच नाही. शेपूट बोथट, तोंडासारखी दिसते, म्हणून 'दुतोंड्या'. गुप्तधन दाखवतो म्हणे! त्यापायी या बिनविषारी, गरीब जनावराची तस्करी चालते. कायद्याचं संरक्षण असूनही.

सिंहगडरोडकर
अभय, तिथे प्रयोग काय करणार? पोलीस आणि वनखातं हवं.

डेक्कनचा_अभय
विकणाऱ्याला पकडायला हवंच. पण गिऱ्हाईक आहे म्हणून तो विकतो. मुलांना मांडुळाचा फोटो दाखवा आणि डोळे शोधायला सांगा. एकाच टोकाला सापडतात. एवढ्याला तर खर्चही नाही.

सिंहगडरोडकर
हे मी आमच्या शाळेत नक्की करीन. प्रतिविषाचा मुद्दा मात्र सोडत नाही.