ब्राह्मी घृतासाठी नर्सरीतली 'ब्राह्मी' चालेल का?

कुंडीवाली
सिंहगड रस्त्यावरच्या नर्सरीत ब्राह्मी म्हणून मिळालेल्या रोपाची पानं गोल, दातेरी कडेची, लांब देठाची आहेत. मंडईजवळ काष्ठौषधीच्या दुकानात मात्र ब्राह्मी म्हणून बारीक काड्या आणि चिमुकली पानं देतात. 200 ग्रॅम तूप सिद्ध करायचंय. कोणती घ्यावी, रस आणि कल्क (वाटलेल्या औषधांचा गोळा) किती?

खलबत्ता
गोल पानांची ती मंडूकपर्णी. ब्राह्मीची पानं जाडसर, समोरासमोर, जेमतेम 1-2 सेंमी, कडा सरळ. फूल पांढरं-फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं. चव चांगलीच कडू. अर्थात रोप वाया गेलं असं समजू नका. चरकाच्या चार मेध्य (बुद्धीला पोषक) रसायनांत मंडूकपर्णीच आहे (बाकी यष्टिमधु, गुळवेल, शंखपुष्पी). पण घृताला ब्राह्मीच घ्या.

मंदाग्नी
200 ग्रॅम तुपाला 800 मिली ताजा रस आणि 25 ग्रॅम कल्क. द्रव म्हणून स्वरस (ताजा रस) असेल तर कल्क तुपाच्या आठवा भाग, काढा असेल तर सहावा, म्हणजे 33 ग्रॅम. कल्कात वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी समभाग. वेखंड हात सैल सोडून घालू नका, जास्त झालं की उलटी होते.

कुंडीतल्या ब्राह्मीचा एवढा रस निघणं अवघड. त्यापेक्षा 400 ग्रॅम वाळलेली ब्राह्मी 3.2 लिटर पाण्यात उकळून 800 मिली उरवा आणि गाळून घ्या.

भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं, तुपाच्या निदान आठपट मोठं. फेस भसाभस वर येतो, लहान भांड्यात निम्मं शेगडीवर जातं. आच शेवटपर्यंत मंद, तळ सतत ढवळत राहा.

कुंडीवाली
झालं हे कसं ओळखायचं? घड्याळ लावून?

मंदाग्नी
घड्याळाचा उपयोग नाही. कल्क बोटांत वळून वात झाली पाहिजे. ती वात विस्तवावर धरा: चरचरली तर पाणी शिल्लक आहे, असं तूप लवकर खवट होतं. तुपाचा फेस शमतो (तेलात उलट, तिथे शेवटी फेस येतो). कल्क कडक, काळपट झाला तर पाक खर (गरजेपेक्षा जास्त) झाला, ते पोटात घेऊ नये. गरम असतानाच गाळा, पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत भरा.

खलबत्ता
ब्राह्मी लावायचीच असेल तर पसरट टबात, 5-6 सेंमीचे शेंडे खोचून. माती कायम ओली हवी, एप्रिल-मेच्या दुपारी सावली. नाल्याकाठची मात्र मुळीच आणू नका. ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून साठवते.

मंदाग्नी
नुसता ताजा रस रिकाम्या पोटी घेतला तर मळमळ, पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात. थायरॉईडची किंवा नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर आधी वैद्यांना विचारा, मात्राही त्यांनीच ठरवावी. आणि परीक्षेच्या आठवड्यात सुरू करून काही होत नाही. ब्राह्मीच्या अर्काचे बरेचसे अभ्यास 12 आठवड्यांचे आहेत.