मदत हवी आहे: एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी टाकीत गेल्यावर वास मारतं

पुण्यात आमची १४० सदनिकांची सोसायटी आहे. एसटीपी एमबीबीआर पद्धतीचा (पाण्यात फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढलेले जिवाणू घाण खातात), रोज ८० हजार लिटरचा. शुद्ध झालेलं पाणी बागेला आणि फ्लशला जातं. फ्लशची पाइपलाइन व गच्चीवरची टाकी पिण्याच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी आहे.

प्लांटमधून निघताना पाण्याला वास नसतो, पण सकाळी फ्लशला कुजकट वास येतो. दोन महिने झाले. ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) आता चोवीस तास चालू ठेवतो, कार्बन फिल्टरमधला कोळसा बदलला, टाकी धुतली. हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) वाढवलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. शुद्ध पाण्याचा बीओडी (उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरमागे ८ मिलिग्रॅम आला. अमोनिया तपासलेला नाही. प्लांटवर क्लोरीन १ पीपीएम, गच्चीवर शून्य. टाकीत पाणी साधारण दीड दिवस राहतं.

काही सभासद फ्लशलाही टँकर लावा म्हणताहेत. ते मला अजिबात पटत नाही; पिण्यासाठीच टँकर घ्यावा लागतो इथे. खर्चाची मर्यादा दोन लाख, त्यामुळे अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणं) सुचवू नका.

सांडपाण्यातला उरलेला अमोनिया क्लोरीन खातोय की पाणी टाकीत साचून राहतंय, हे कसं ओळखायचं? आधी अमोनियाची तपासणी करू, की टाकीतली पातळी कमी ठेवून गच्चीवरच क्लोरीनचा दुसरा डोस देऊन बघू?