अनुभव सांगा : जल्लोष आधी, चेंडू नंतर

नेरुळकर

गेल्या आठवड्यात माळा आवरताना बाबांचा जुना ट्रान्झिस्टर सापडला. कातडी वेष्टन, पुढच्या बाजूला बारीक भोके, खांद्याला अडकवायचा पट्टा. काचबिंदूमुळे बाबांना आता जवळजवळ दिसत नाही. पण मी तो त्यांच्या हातात दिला आणि त्यांचा अंगठा न चाचपडता थेट स्टेशन लावण्याच्या चाकावर गेला. तेव्हापासून एक रात्र मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

२ नोव्हेंबर २०२५ ची ती रात्र. महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये चालला होता. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झालेला, मध्यरात्र उलटून गेलेली, आणि बाबा सदऱ्याची बटणे लावून ताठ बसलेले. केबल आम्ही केव्हाच बंद केली असल्याने सामना ॲपवरून पाहत होतो. अचानक खिडकीतून स्टेडियमची गर्जना आली, पाठोपाठ खालच्या चौकात फटाके लागले, आणि आमच्या पडद्यावर दीप्ती शर्मा अजून चेंडू घेऊन रनअपच्या टोकाकडे चालली होती. "काय झालं रे?" असे बाबांनी विचारले, तेव्हा मला उत्तर माहीत होते आणि नव्हतेही. कर्णधार हरमनप्रीतने मागे धावत घेतलेला तो झेल आम्ही पाहिला तो घडून गेल्यावर, निकाल कानावर पडल्यावर. भारतीय महिलांनी ५२ धावांनी जिंकलेला त्यांचा पहिला विश्वचषक आमच्या घरात शिळा होऊन आला, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. टीव्हीवरचा समालोचक प्रेक्षकाला चित्र दिसते आहे असे धरूनच बोलतो. चेंडू कुठे गेला, कोण धावले, किती धावा झाल्या, हे तो सांगत नाही. तो जुन्या आठवणी सांगतो, सहकाऱ्याशी गप्पा मारतो. बाबा विचारत राहतात आणि मी सांगेपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असतो. आपल्यापैकी कोणाला तंत्रज्ञानाने खेळापासून असे दूर केले असेल, तर कृपया लिहा.

सांगलीकर

वाचून फार वाईट वाटले. माझ्या वडिलांच्या पिढीने बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकून क्रिकेट शिकले. क्षेत्ररचना आधी डोळ्यांसमोर उभी राहायची, चेंडू नंतर यायचा. आमच्याकडे स्मृती मानधना खेळत असली की गल्लीतले सगळे बाहेर येतात, पण प्रत्येकाच्या फोनवर ती वेगवेगळ्या क्षणी चौकार मारते, त्यामुळे एकत्र ओरडणे म्हणून राहिलेले नाही.

ट्रान्झिस्टर टाकून देऊ नका. सेलच्या खोबणीत पांढरी बुरशी धरली असेल, तर ती कापसावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.

तार आणि तरंग

मी ॲपवरून चित्र पोहोचवण्याच्या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून उशिराचे कारण सांगतो. ॲपवर चित्र सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा कमी-जास्त स्पष्टतेच्या अनेक प्रतींमध्ये बदलतात, तो ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात, आणि चित्र अडकू नये म्हणून आपला फोन दोन-तीन तुकडे आधी साठवून मगच दाखवायला लागतो. हे सगळे मिळून अर्धा मिनिट सहज जातो. साध्या अँटेनावर किंवा रेडिओच्या मीडियम वेव्हवर हा साठा नसतो. उशीर कमी करण्याचे उपाय आहेत, मात्र कोट्यवधी लोक एकाच वेळी पाहत असताना चित्र अडकण्यापेक्षा ते उशिरा आलेले बरे, असाच निर्णय होतो. तुमच्या वडिलांचा प्रश्न वाचल्यावर तो निर्णय मला आज प्रथमच खुपला.

उत्तर स्टँड

माझा अनुभव तिकिटाचा आहे. आईला आयुष्यात एकदा वानखेडेवर न्यायचे ठरवले होते. ऑनलाइन रांगेत तीन तास थांबून दोन तिकिटे मिळवली. ती कागदावर नव्हती, फोनमधल्या चौकोनी नक्षीत होती. चर्चगेटहून चालत गेटपाशी पोहोचलो, तर गर्दीमुळे नेटवर्क पूर्ण बसलेले आणि तिकीट काही केल्या उघडेना. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवलेला चालणार नाही, असे दारावर सांगितले. आई चाळीस मिनिटे कठड्याला टेकून उभी होती आणि आतून येणाऱ्या आवाजावरून "विकेट गेली वाटतं" असे म्हणत होती. आत पोहोचलो तेव्हा सलामीची जोडी परतली होती. तिच्या कपाटात १९८७ सालच्या एका सामन्याचे, वडिलांनी आणलेले तिकीट अजून जपून ठेवलेले आहे. या सामन्याची तिच्याजवळ कोणतीही खूण नाही.

क्लबचा पंच

मी बावीस वर्षे स्थानिक सामन्यांत पंचगिरी केली आहे आणि चूक सुधारण्याच्या मी विरोधात नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला टीव्हीवरच्या चित्रीकरणावरून बाद ठरलेला पहिला फलंदाज आपला सचिन होता, आणि २०११ च्या विश्वचषकात मोहालीच्या उपांत्य सामन्यात अजमलच्या चेंडूवर पायचीत दिलेल्या त्याच सचिनला डीआरएसने, म्हणजे पंचाचा निर्णय तपासण्याच्या पद्धतीने, परत खेळायला लावले. दोन्ही निर्णय योग्यच होते.

माझी तक्रार आहे ती खेळ समजेनासा होण्याबद्दल. त्याच विश्वचषकात बेंगळुरूला युवराजच्या चेंडूवर इयन बेल पायचीत होता असे पडद्यावर सगळ्यांना दिसले, परंतु चेंडू पायावर आदळला ती जागा यष्ट्यांपासून अडीच मीटरहून अधिक लांब असल्याने त्याला नाबाद ठेवले गेले. तो सामना ३३८ धावांवर बरोबरीत सुटला. आजही चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग यष्टीला लागत असेल, तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो. म्हणजे अगदी सारखे दोन चेंडू, एकावर फलंदाज बाद आणि दुसऱ्यावर नाबाद. मोजमापातल्या त्रुटीसाठी ही जागा ठेवली आहे हे मला कळते आणि पटतेही. पण शेजारी बसलेल्या नातवाला ते मला समजावता येत नाही. यष्टी उडाली तरी तो आधी गोलंदाजाचे पाऊल रेषेपुढे पडले का याची वाट पाहतो. उडी मारून ओरडण्याची त्याची सवयच गेली आहे, आणि त्याचे वय आहे नऊ.

मातीतला गडी

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी रत्नागिरीकडचा, कबड्डी खेळत आणि पाहत वाढलो. आमच्याकडे बोनसच्या रेषेला पाय लागला की नाही यावरून दोन गावांत मारामाऱ्या झाल्या आहेत, आणि एका अंतिम सामन्याचा चषक तीन वर्षे कोणालाच दिला गेला नव्हता. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर तोच वाद रिव्ह्यूने काही क्षणांत मिटताना पाहिला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मात्र मॅट आली, पायांत बूट आले, तीस सेकंदांचे घड्याळ आले आणि चढाई करणाऱ्याचा दम संगीताच्या गोंगाटात ऐकूच येईनासा झाला. ज्या खेळाचे नावच त्या दमावरून पडले, त्यात तोच ऐकू न यावा, हे मला सहन होत नाही.

स्वयंपाकघरातून

षटक संपताक्षणी जाहिरात सुरू होते आणि परत येतात तेव्हा गोलंदाज धावायला लागलेला असतो. कर्णधाराने क्षेत्ररक्षक कुठून कुठे हलवला, हे पाहण्यात मला सर्वांत जास्त रस आहे आणि नेमके तेच कापले जाते. कुकर झाला, बाकीचे रात्री लिहिते.

टेम्सकाठ

२०२५ पासून विम्बल्डनमध्ये रेषेवरचे पंच नाहीत, चेंडू बाहेर गेला हे यंत्रणाच पुकारते. १४७ वर्षांची प्रथा संपली. त्याच वर्षी सेंटर कोर्टवर टेनिसपटू पाव्हल्युचेन्कोव्हाच्या सामन्यात यंत्रणेचा काही भाग चुकून बंद राहिला, स्पष्ट बाहेर गेलेल्या चेंडूवर काहीच पुकारा झाला नाही आणि तो गुण पुन्हा खेळावा लागला. हात उंचावणारा माणूस नसल्यामुळे आता नक्की कोणाकडे पाहायचे, हेच कळत नाही.

नेरुळकर

सर्वांचे आभार. 'तार आणि तरंग', तुमचे स्पष्टीकरण बाबांना वाचून दाखवले, त्यांनी ते दोनदा वाचायला लावले. सांगलीकर, व्हिनेगरने खोबण स्वच्छ झाली, नवे सेल घातले आणि खरखर ऐकू आली. स्टेशन अजून नीट लागत नाही, खिडकीपाशी ठेवून पाहणार आहे.

दरम्यान माझ्या मुलीने आजोबांशेजारी बसून प्रत्येक चेंडू सांगण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. तिला क्षेत्ररक्षणाच्या जागा ठाऊक नव्हत्या. काल बाबांनी ताटात शेंगदाणे मांडून, बोटांनी चाचपत, तिला गली आणि पॉइंट यांतले अंतर दाखवले, आणि मग लाँग ऑनसाठी ताट अपुरे पडले म्हणून एक दाणा तिच्या गुडघ्यावर ठेवला.