रस्त्यांचं पटलं, बाकीचं नाही
कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाला पांढऱ्या वाळूचे बीच नाहीत आणि रस्ते भंगार, मग एवढ्या लांब जायचं कशाला असं इथे एकाने म्हटलंय, त्यातलं रस्त्यांचं अगदी मान्य, विमानतळ ईशान्येला आणि राजधानी रोझो नैर्ऋत्येला, तासाभराहून जास्त नुसती वळणं, बायकोने अर्ध्या वाटेतच आवळासुपारीची डबी संपवली. पण वाळू काळी कारण अख्खं बेटच ज्वालामुखीचं, बीच हवा तर बार्बाडोसला जा ना! २०१७ च्या मारिया वादळात इथलं जंगल पार बोडकं झालं होतं, आता बघाल तर सांगूनही खरं वाटणार नाही.

आणि खाण्याचं कुणीच कसं लिहिलं नाही? तिथे डॅशीन म्हणतात ते आपलं अळूच, कंद उकडून खातात आणि पानांचं कॅलालू, म्हणजे नारळाच्या दुधातलं फदफदंच म्हणा, फक्त चिंचगूळ नाही. नीरफणस तर अख्खा विस्तवावर ठेवतात, साल कोळशासारखी काळी झाली की सुरीने तासायची, आत पिवळसर, वाफाळता गर. आमच्या कोकणातल्या आजीने कापं तळली असती, पण हेही झकास लागतं.