फायटरला दिग्दर्शक म्हणायला जीभ का अडखळते?

मेघना_व
परवा इथेच एकाने लिहिलं : "चॅड स्टाहेल्स्की हा मारामाऱ्या बसवणारा माणूस, दिग्दर्शक नव्हे. 'जॉन विक'मधून हाणामारी काढली तर हातात एक मेलेलं कुत्रं उरतं." दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हा माणूस किकबॉक्सिंगमधून आला. 1993 साली 'द क्रो'च्या सेटवर ब्रँडन ली गोळी लागून गेला, तेव्हा उरलेल्या दृश्यांत त्याच्या जागी हाच उभा राहिला. मग 'मेट्रिक्स'मध्ये हीरो कियानू रीव्हजचा डबल, म्हणजे डुप्लिकेट. इतकी वर्षं अंग आपटून घेतल्यावर 2014 साली त्याचा पहिला सिनेमा आला, 'जॉन विक' : मारलेल्या कुत्र्याचा सूड घेणाऱ्या माजी मारेकऱ्याची गोष्ट, हीरो कियानूच. तेव्हा कॅमेरा गदागदा हलवायचा आणि क्षणाक्षणाला कट मारायचा अशी रीत होती. कोण कुणाला मारतंय तेच कळायचं नाही. यानं कॅमेरा मागे नेला, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दाखवला, कट लांबवले. नटाकडून महिनोन् महिने सराव करून घेतल्याशिवाय हे जमत नाही. याला दिग्दर्शन नाही तर काय म्हणायचं?

सदू_सोलापूर
ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेणार नाही. चौथा भाग 169 मिनिटांचा आणि गोष्ट तीन ओळींची! पॅरिसच्या जिन्यावर हीरो चढतो, गडगडत खाली येतो, परत चढतो. माझ्या शेजारचा गृहस्थ घोरत होता. आणि पहिला भाग एकट्याचा नाहीच. डेव्हिड लीच हा दुसरा स्टंटमन दिग्दर्शनात बरोबरीने होता. दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियमामुळे नाव एकाचंच लागलं. ते सोयीस्कर विसरलात.

मेघना_व
लीचचं मान्य, लिहायला हवं होतं. पण जिन्याला हात लावू नका! 222 पायऱ्या जवळजवळ चढून झाल्यावर माणूस पुन्हा तळाशी येतो, ती अख्खी गोष्टच आहे, एका शब्दाशिवाय. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला भिंतीवर बस्टर कीटन, मूकपटांत स्वतःच धडपडणारा विनोदी नट, दिसतो तो उगाच नाही.

फायटरची_लेक
त्या जिन्यावरून कियानू नाही गडगडला. व्हिन्सन्ट बुइयाँ नावाचा फ्रेंच स्टंटमन गडगडला. तुम्ही दोघांनीही त्याचं नाव घेतलं नाहीत.

माझे बाबा मुंबईत फायटर होते, एका मोठ्या हीरोचे डुप्लिकेट. दुसऱ्या मजल्यावरून उडी होती, खाली खोके नीट रचलेले नव्हते. कंबर गेली. निर्मात्याने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, नंतर फोन उचलला नाही. हीरोने मुलाखतीत सांगितलं, "उडी मीच मारली." आई ते मासिक अजून जपून आहे.

रीळवाला
ऑस्करवाल्यांनीही तेच केलं. याकिमा कॅनट या स्टंटमनला 1967 साली मानद ऑस्कर, हॅल नीडहॅम या दुसऱ्या स्टंटमनला 2012 साली मानद, म्हणजे म्हातारपणी शाल-श्रीफळ. स्टंटचा स्वतंत्र पुरस्कार 2025 साली जाहीर झाला, तोही 2027 च्या सिनेमांपासून!

सदू_सोलापूर
आणि त्यासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीपुढे बाजू मांडली ती लीच आणि स्टंट बसवणारा ख्रिस ओ'हारा यांनी. पण विषय पुरस्काराचा नव्हता. ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मात्र त्यावरून स्टाहेल्स्की मोठा ठरत नाही.

फायटरची_लेक
ठरतो! माझ्या बाबांसारख्या माणसाला कॅमेऱ्यामागची खुर्ची मिळाली, हाच तर मुद्दा आहे. तुम्हाला गोष्ट हवी, आम्हाला तेवढं पुरतं. काल बाबांना तो जिना दाखवला. त्यांनी दोनदा मागे घेतला आणि विचारलं, "पोरगा धड आहे ना?"

सदू_सोलापूर
बरं. जिना मीही पुन्हा पाहिला. कमी कट आहेत, हे खरं. तो प्रसंग दिग्दर्शकाचा आहे, लिहून देतो. बाकीच्या अडीच तासांबद्दल माझं मत तेच.